दुखण्याचें दप्तर

आमच्या माजघरांत एक जुनी लोखंडी ट्रंक आहे. तींत निजामी अमदानींतले शेताचे उर्दू कागद आहेत, वडिलांच्या हातचीं मोडी पत्रें आहेत, मुंजी-लग्नांच्या खर्चाच्या याद्या आहेत आणि तीन पिढ्यांच्या जन्मपत्रिकांचें एक गाठोडें आहे. उमरगा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. पुढें मुंबई राज्यांत व १९६० पासून महाराष्ट्रांत आला. इतकीं राज्यें बदललीं, परंतु आमच्या घरानें कागद म्हणून एकहि टाकला नाहीं, ह्याचा आम्हांस आजवर मोठा अभिमान वाटे. गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या थोरल्या वहिनी वारल्या आणि त्या अभिमानाचें गर्वहरण झालें. पणजोबांच्या सारापावत्या जपणाऱ्या ह्या घराला, जिनें पन्नास वर्षें चुलीपासून देवघरापर्यंत सर्व कांहीं संभाळलें, तिच्या दुखण्याचे कागद एके ठिकाणीं ठेवतां आले नव्हते.

त्यांच्या पश्चात् कपाट आवरतांना चार पिशव्या निघाल्या. एक येथल्या दवाखान्याची, एक सोलापूरची, एक लातूरची आणि एक कलबुर्गीची, म्हणजे आमच्या पिढीच्या गुलबर्ग्याची. कारण वहिनींचें माहेर तिकडचें. उमरगा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, कर्नाटकाच्या सीमेजवळ वसलेला. येथल्या माणसाचें दुखणें वाढलें कीं तें चारी दिशांस फिरतें. प्रत्येक पिशवींत रक्ताच्या तपासणीचे एक-दोन कागद होते. जन्मभर शाळेचें हजेरीपुस्तक भरलेल्या हाताला राहवेना. आम्ही एका कोऱ्या पानावर रेघा आखल्या आणि तारीख, गांव व हिमोग्लोबिनचा आंकडा असे तीन रकाने भरले. ११.४, १०.६, ९.३, ८.१. सव्वीस महिन्यांत चार गांवीं चार आंकडे! प्रत्येक ठिकाणच्या डॉक्टरांनीं आपल्यापुढचा एकच आंकडा पाहिला, रोग्याचें वय पाहिलें, 'रक्त थोडें कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. आणि त्या त्या वेळीं तें वावगें वाटण्याजोगेंहि नव्हतें. परंतु चारहि आंकडे एकाखालीं एक मांडतांच आमच्यासारख्या वैद्यक न शिकलेल्या माणसालाहि दिसलें कीं ही उतरती पायरी आहे. कोठेंतरी रक्त झिरपत आहे. विकार मोठ्या आंतड्यांतला होता, आणि तो कळला तेव्हां उपायाची वेळ निघून गेली होती.

दोष कोणा एका डॉक्टराचा नव्हता. चार पिशव्यांचा होता. आणि खरें सांगावयाचें तर एक दोष घराचाहि होता. वहिनींना पुष्कळ महिने शौचावाटें रक्त दिसत होतें. ही गोष्ट त्यांनीं एकट्या आमच्या कुटुंबास सांगितली होती, आणि तीहि 'पुरुषमाणसांच्या कानांवर घालूं नकोस' अशी शपथ घालून. चारहि पिशव्यांतल्या एकाहि कागदावर ती नोंद नाहीं.

ह्या गोष्टीस सहा महिने झाले असतील नसतील, तों एका रुग्णालयाकडून दादांच्या नांवें पत्र आलें. सीमाभागांतील अशा रोग्यांचे कागद एकत्र करून, नांवगांव वगळून, अभ्यास करावयाचा आहे. वारसांची संमति असल्यास वहिनींचेहि कागद त्यांत घेऊं, अशी विनंति होती. दादा पत्र वाचून म्हणाले, "बाई गेली. आतां तिच्या पोटाचे कागद चारचौघांत कशाला पसरावयाचे?" आणि पत्र घडी घालून पंचांगांत ठेवून दिलें. दादांची नात लातुरास वैद्यकाच्या शेवटच्या वर्षांत शिकते. ती सुटींत आली असतां हें पत्र तिच्या दृष्टीस पडलें. ती आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाली, "नाना, आबांना माझें सांगणें पटणार नाहीं. तुम्ही वाचा, समजून घ्या आणि तुम्हीच सांगा." नातीनें घातलेला हा गृहपाठ आम्ही कांहीं महिने केला. त्याचा गोषवारा वाचकांपुढें ठेवतों. कारण असें पत्र आज आमच्या घरीं आलें, उद्यां आपल्या घरीं येईल.

प्रथम हा प्रकार काय आहे तें पाहूं. एका रोग्याच्या कागदावरून त्या रोग्यास उपचार होतो. हजारों रोग्यांचे कागद शेजारीं शेजारीं ठेविले तर रोगाचा स्वभाव कळतो: तो कोणत्या वयांत गांठतो, कोणत्या औषधास दबतो, कोणतें औषध कोणास बाधतें. एखादा अनुभवी वैद्य जन्मभरांत जितके रोगी पाहतो, त्याच्या कितीतरी पट रोगी अशा दप्तरांतून एका दिवसांत नजरेखालून जातात. पूर्वीं असें दप्तर हातानें उतरून काढावें लागे. आतां दवाखान्यांतील नोंदी संगणकावर होतात, आणि एका दवाखान्याचा संगणक दुसऱ्याशीं बोलूं शकतो. ह्यालाच आरोग्यनोंदींचें सामाइक जाळें म्हणावयाचें.

आपल्या देशांत असें जाळें विणण्याचें काम 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' ह्या नांवानें २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालें. ज्याची इच्छा असेल त्यास चौदा आंकड्यांचा एक क्रमांक मिळतो. त्यास 'आभा' म्हणतात. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं ह्यायोगें सर्वांचे कागद दिल्लीस एका कोठारांत जाऊन पडतात. तसें नाहीं. योजनेची रचना अशी आहे कीं नोंद ज्या दवाखान्यांत झाली तेथेंच ती राहते. क्रमांक हा केवळ दोरा, मणी जागच्या जागीं. दुसऱ्या डॉक्टरास ती नोंद पाहावयाची असेल तर रोग्याच्या मोबाईलवर विचारणा येते: कोण पाहणार, कशासाठीं, किती मुदतीपर्यंत. रोग्यानें हो म्हणावें, नाहीं म्हणावें, आणि दिलेली संमति वाटल्यास मागें घ्यावी. क्षयरोगासाठीं तर २०१२ पासूनच 'निक्षय' नांवाची संगणकीय नोंदवही चालू आहे, आणि खासगी डॉक्टरांनींहि क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारास कळवावा असा नियम त्याच वर्षीं झाला. वहिनींच्या दुखण्याच्या वेळीं 'आभा'ची सोय होती. चारहि दवाखाने जोडलेले असते आणि आम्ही तो दोरा ओंवला असता, तर ती उतरती पायरी तिसऱ्या डॉक्टरांसच दिसली असती. आम्ही सातबाराचा उतारा मोबाईलवर काढावयास शिकलों. हें शिकलों नाहीं.

कागद जाणें म्हणजे काय हें आमच्या भागास वेगळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, किल्लारी-सास्तूरच्या परिसरांत भूकंप झाला आणि दगडमातीच्या घरांखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. आम्ही शिक्षकमंडळी तंबूंत मदतीस होतों. तेथें एका म्हातारीस डॉक्टरांनीं विचारलें, "आजी, आधीं कोणतें औषध चालू होतें?" ती म्हणाली, "पांढरी गोळी." घर गेलें, चिठ्ठी गेली, आणि ती चिठ्ठी वाचून दाखविणारा मुलगाहि गेला होता. पांढऱ्या गोळ्या जगांत किती आहेत! नोंद दोन ठिकाणीं असती तर तिला औषध तरी चुकलें नसतें.

परंतु दादांचा प्रश्न उपचाराचा नव्हताच. तो दानाचा होता. गेलेल्या माणसाचे कागद परक्यास कां द्यावे? ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रानें एकदां दिलेलें आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या वाड्यांतलीं दप्तरें मागत गांवोगांव हिंडले. कोणी उदारपणें दिलीं, कोणी संशय धरला, आणि पुष्कळ ठिकाणीं वाळवीनें आधींच निकाल लावलेला होता. तरीहि 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला आणि पुढें एकंदर बावीस खंड झाले. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. मराठ्यांचा इतिहास कोणा एकाच्या वाड्यांत नव्हता. तो शेंकडों वाड्यांत तुकड्यातुकड्यानें पडून होता, आणि प्रत्येक वाड्यास आपला तुकडा क्षुल्लक वाटत होता. रोगाचा इतिहासहि तसाच आहे. फरक एकच, पण तो मोठा आहे: दोनशें वर्षांपूर्वींचें पत्र उघडल्यानें आज कोणाचें लग्न मोडत नाहीं, दुखण्याचा कागद उघडल्यानें मोडूं शकतें. म्हणून येथें विचारून घेणें हा शिष्टाचार नव्हे, धर्म आहे.

असा विचारून, समजावून नोंद घेण्याचा प्रयोग आमच्या शेजारींच झालेला आहे, आणि त्याची कीर्ति जगभर गेली तरी आम्हां शेजाऱ्यांस त्याची वार्ता नव्हती. मुंबई शहरांत कर्करोगाच्या रोग्यांची नोंदणी १९६३ पासून होत होती. खेड्यांची मात्र कोणासच माहिती नव्हती. १९८७ मध्यें बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृति कर्करोग रुग्णालयांत ती नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागापुरती अशी नोंदणी देशांत ही पहिलीच. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी आणि आमच्या जिल्ह्यांतील परांडा व भूम अशा तीन तालुक्यांतलीं ३४६ गांवें तिच्या कक्षेंत होतीं. खेड्यांतला रोगी आपण होऊन मोठ्या रुग्णालयांत येत नाहीं. म्हणून कार्यकर्तेच गांवांत जात, लोकांस भेटत, रोगाचीं पूर्वचिन्हें समजावून सांगत आणि मग चौकशी करीत. ह्या नोंदवहीनें दोन गोष्टी दाखविल्या. खेड्यांत कर्करोगाचें एकंदर प्रमाण मुंबईपेक्षां पुष्कळ कमी आहे, परंतु बायकांमध्यें गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आहे, ही पहिली. दुसरी आम्हांस अधिक विस्मयाची वाटली: कांहीं वर्षांनीं ह्या रोगाच्या बायका पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत रुग्णालयांत येऊं लागल्या. वही लिहिण्याकरितां माणसें दारीं गेलीं, बोललीं, आणि त्या बोलण्यानेंच संकोच थोडा सैल झाला.

ह्याच पायावर पुढचें मोठें काम उभें राहिलें. १९९९ मध्यें आमच्या धाराशिव, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, बार्शीचें रुग्णालय, मुंबईची टाटा स्मारक संस्था आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनीं मिळून एक अभ्यास आरंभिला. तीस ते एकोणसाठ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यांत होत्या. गांवांचे ५२ गट पाडून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें चार भाग केले. एका भागांत ह्या रोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदां केली. दुसऱ्यांत पेशींची तपासणी. तिसऱ्यांत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनीं पाहणी. आणि चौथ्यांत तपासणीची मोहीम नाहीं, नेहमींची जी व्यवस्था असेल तीच. मग आठ वर्षें नोंद ठेविली: कोणास रोग झाला, तो किती वाढल्यावर कळला, कोण दगावली.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या प्रख्यात साप्ताहिकांत छापून आला. विषाणूच्या चाचणीच्या भागांतील ३४,१२६ बायकांपैकीं ३४ ह्या रोगानें दगावल्या. कोणतीच मोहीम नसलेल्या ३१,४८८ पैकीं ६४. वाढलेल्या अवस्थेंत रोग सांपडलेल्या बायका पहिल्या भागांत ३९, चौथ्यांत ८२. म्हणजे एका चाचणीनें मृत्यु जवळजवळ निम्मे झाले. बाकीच्या दोन पद्धतींनीं तसा स्पष्ट लाभ दिसला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ च्या आपल्या मार्गदर्शनांत ह्या विषाणूचीच चाचणी श्रेयस्कर म्हणून सांगितली, त्यामागें जो पुरावा उभा आहे त्यांत आमच्या जिल्ह्याच्या आयाबहिणींचा वाटा आहे. चाचणीचें यंत्र कोठेंहि विकत मिळतें. आठ वर्षांची प्रामाणिक नोंद विकत मिळत नाहीं.

परंतु त्या चौसष्ट बायकांपाशीं थोडें थांबावयास हवें. चौथ्या भागास तपासणी कां दिली नाहीं, असा आक्षेप पुढें वैद्यकीय नियतकालिकांतूनच घेण्यांत आला. आणि तो पोकळ आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. तपासणीची मोहीम आधीं ह्या खेड्यांत नव्हतीच, कोणाचें असलेलें कांहीं काढून घेतलें नाहीं, हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं त्यांच्या मृत्यूंशीं ताडून पाहिलें म्हणूनच इतरांचें वांचणें मोजतां आलें. त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. आज दूरच्या कोणत्याहि देशांतली एखादी स्त्री ह्या चाचणीनें वांचते तेव्हां ती परांडा-भूमच्या मुलखांतील अनामिक बायकांची ऋणकरी असते.

ऋण हा शब्द आम्ही बुद्ध्याच योजला. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें घेऊन मनुष्य जन्मास येतो असें आपलीं शास्त्रें सांगतात. त्यांत ज्ञानाचें ऋण तें ऋषिऋण. आपण आज जी गोळी निश्चिंतपणें गिळतों ती कोणाच्या तरी शरीरावर पारखलेली असते, आणि त्या पारखीची नोंद कोणीतरी देऊं केलेली असते. करोनाच्या सांथींत डेक्झामेथासोन हें स्वस्त, जुनें औषध गुणकारी ठरलें तें असेंच. इंग्लंडमध्यें रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींस जोडलेल्या होत्या म्हणून हजारों रोग्यांचा पुढें काय परिणाम झाला हें त्वरेनें कळलें, आणि जून २०२० मध्यें जाहीर झालें कीं कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु ह्या औषधानें सुमारें एक-तृतीयांशानें कमी होतात. त्याच वर्षीं तेथें एक कोटी बहात्तर लाखांहून अधिक प्रौढ माणसांच्या नोंदी तपासून ह्या रोगाचा धोका कोणास अधिक आहे हें ठरविलें, आणि तेंहि एकाहि रोग्याची नोंद संशोधकांच्या हातीं न देतां. संशोधकांनीं आपला प्रश्न संगणकाकडे धाडला. कागद कोठारांतच राहिले, बाहेर आलें तें केवळ उत्तर. तें औषध पुढें आपल्याकडील दवाखान्यांतूनहि दिलें गेलें. घेतांना आपण कोणाचें आहे हें विचारलें नाहीं. देतांना मात्र घराण्याची अब्रू आठवते, हा न्याय बरोबर नव्हे.

आतां दादांच्या बाजूनें बोलूं. कारण तीहि बाजू खरी आहे. नोंदीचा प्रश्न बळानें सोडवूं गेलें म्हणजे काय होतें हें पुण्यानें १८९७ च्या प्लेगांत पाहिलें. सोजीर घरांत शिरून रोगी शोधूं लागले. त्या जुलमाचा शेवट कसा झाला हें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस येथें त्याची दुसरी बाजू दाखवावयाची आहे. लोक भयानें रोगी लपवूं लागले, आणि ज्या नोंदीसाठीं एवढें बळ खर्चीं घातलें ती नोंदच फसवी होत गेली. इंग्लंडनें करोनांत जें यश मिळविलें त्यापूर्वीं तेंहि एकदां ठेचाळलें होतें. २०१३ मध्यें तेथें 'केअर डॉट डेटा' नांवाची योजना निघाली. सर्वांचे कागद एकत्र करावयाचे, पण ते कोणास दिसणार हें लोकांस नीट समजाविलेंच नाहीं. विश्वास उडाला आणि २०१६ मध्यें योजना गुंडाळावी लागली. चोरीचेंहि भय आहेच. नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या 'एम्स'च्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील काम हातानें लिहून चालवावें लागलें.

शिवाय लहान गांवास एक वेगळेंच भय आहे. मुंबईंत 'सत्तरीची एक स्त्री' म्हटल्यानें कांहीं कळत नाहीं. परंतु दोन हजार वस्तीच्या गांवांत 'सत्तरीची, जुळ्या मुलांची आई, मुलगा पोस्टांत' एवढें लिहिलें कीं नांव खोडून उपयोग काय? पारावरचें कोणतेंहि पोर घर दाखवील. आणि उपवर मुलीच्या घरांत 'आजीस कर्करोग, आत्यास क्षय' हें बाहेर फुटलें तर स्थळें कशीं परततात हें सांगावयास पाहिजे असें नाहीं. विमा कंपन्यांचें व नोकरी देणाऱ्यांचें कुतूहलहि तितकेंच तीक्ष्ण असतें.

ह्या भयांवर कायद्याचें कांहीं कुंपण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०१७ मध्यें ठरवून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें असें संशोधन नैतिकता समितीपुढें जावें लागतें. त्या समितींत केवळ डॉक्टर नव्हेत, तर कायदा जाणणारा आणि साधा गृहस्थहि असावा लागतो. २०२३ मध्यें संसदेनें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यांत संशोधनास कांहीं मोकळीक ठेविली आहे, परंतु ती अशी कीं त्या माहितीच्या आधारें त्या विशिष्ट माणसाविषयीं कोणताहि निर्णय घेतां कामा नये. कुंपण आहे, पण शेताचा राखणदार धनीच असला पाहिजे.

म्हणून आपल्या शास्त्रकारांनीं दानास जी देश, काल व पात्र ह्यांची कसोटी लाविली तीच येथें लावावी. कोणी नोंद मागितली तर घरच्या वडीलधाऱ्यांनीं रागावूं नये व भारावूनहि जाऊं नये. पांच गोष्टी विचाराव्या. अभ्यास कोण करणार व त्यास नैतिकता समितीची मान्यता आहे काय? नांवाखेरीज गांव, धंदा, नात्यागोत्याच्या खुणाहि वगळणार काय? कागद कोठें राहतील व किती काळ? पुढें मन बदललें तर संमति मागें घेतां येईल काय? आणि अभ्यासांतून जें कळेल तें आम्हांस, आमच्या भाषेंत, कळविणार काय? शेवटचा प्रश्न विचारावयास आपण लाजतों; पण तोच महत्त्वाचा आहे. मागणारा सज्जन असेल तर ह्या प्रश्नांनीं त्यास आनंदच होईल.

घरांत करावयाचें काम मात्र त्याहून साधें आहे, आणि तें कोणाच्या पत्राची वाट न पाहतां आजच करतां येतें. प्रत्येक माणसाच्या नांवाची एक वही करावी. तारीख, गांव, तपासणी व औषध एवढें तींत लिहावें. गोळीचें नांव लिहावें, रंग नव्हे. मुलांकडून 'आभा' क्रमांक काढून घ्यावा आणि जुने कागद मोबाईलवर चढवून ठेवावे. मुख्य म्हणजे डॉक्टरांपुढें खरें बोलावें. एकत्र कुटुंबांत सासूबाईंसमोर सुनेस बोलवत नाहीं, सुनेसमोर सासूबाईंस बोलवत नाहीं. तेव्हां बाईमाणसास दवाखान्यांत थोडा एकांत मिळूं द्यावा. देशांतले सर्व संगणक एका दोऱ्यांत ओंवले तरी जें मुळांत सांगितलेंच नाहीं तें त्यांत कोठून येणार? पुसलेल्या आंकड्यापेक्षां न लिहिलेला आंकडा अधिक फसवितो, हें आम्ही मुलांस गणितांत शिकवीत होतों. घरीं शिकवावयाचें राहून गेलें.

हें सर्व आम्ही एके दिवशीं संध्याकाळीं दादांस वाचून दाखविलें. दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "त्या चौसष्टांचीं नांवें कोठें छापलीं आहेत काय?"

"नाहीं."

"त्यांच्या घरच्यांनीं कांहीं म्हटलें काय?"

"आपणांस कळण्यास मार्ग नाहीं."

दादांनीं पंचांगांतून पत्र काढलें. आमच्या पांच प्रश्नांचीं उत्तरें नातीनें रुग्णालयांतून लेखी आणविलीं होतीं. तीं त्यांनीं चष्मा लावून दोनदां वाचलीं. सही करण्यासाठीं लेखणी घेतली आणि चारहि पिशव्यांतले कागद एकेक करून पाहूं लागले. शेवटीं मान वर करून म्हणाले, "अरे, ह्यांत तें रक्ताचें कोठें आहे?"

आम्ही म्हटलें, "तें कोठेंच नाहीं, दादा. तें त्यांनीं डॉक्टरांस सांगितलेंच नव्हतें."

"मग तें लिही. नाहींतर जें तिनें लपविलें तें आपण पुन्हां लपविल्यासारखें होईल."

केव्हांपासून, हें आम्हां दोघांसहि ठाऊक नव्हतें. माजघराच्या दारांत आमचें कुटुंब उभें होतें. एवढे दिवस पाळलेली शपथ होती, पण क्षणभर थांबून ती म्हणाली, "आदल्या दिवाळीच्या अगोदरपासून. नरकचतुर्दशीस पहाटे त्यांना उठवेना, तेव्हां मला पहिल्यानें सांगितलें." आम्ही एका कोऱ्या कागदावर तसें लिहिलें, तारखेचा अदमास घातला, दादांनीं खालीं सही केली, आणि तो पांचवा कागद चार पिशव्यांतल्या कागदांबरोबर पाठविला.

त्याची एक नक्कल ट्रंकेंत, वडिलांच्या मोडी पत्रांवर ठेविली आहे. आणि पत्रिकांच्या गाठोड्याशेजारीं आतां घरांतल्या प्रत्येकाच्या नांवाची एकेक वही आहे.